वायर हार्नेस बनवून घ्यायचाय? रेट विचारण्याआधी हे ५ प्रश्न विचारा

ही माझ्याच खिशाला बसलेली गोष्ट आहे. दुकानात बॅटरीवर चालणारे फवारणी पंप असेंबल करून विकायला सुरुवात केली, तेव्हा बॅटरी, स्विच आणि मोटर जोडणाऱ्या वायर हार्नेससाठी दोन कोटेशन आली. एक १२८ रुपये सेट, दुसरं ९५. मी अर्थातच ९५ वाल्याकडे २०० सेटची ऑर्डर टाकली. ६,६०० रुपये वाचले म्हणून खूश होतो.

फवारणीचा सीझन सुरू झाला आणि फोन यायला लागले. "भाऊ, पंप मधेच बंद पडतोय." एकूण ३७ पंप परत आले. उघडून बघितलं तर टर्मिनल तांब्याऐवजी वायरच्या प्लास्टिकवरच दाबलेलं! नवा हार्नेस, मजुरी, भाडं मिळून पंपामागे साधारण ३५० रुपये गेले. म्हणजे जवळपास १३ हजार. आणि एक जुना डीलर कायमचा तुटला, त्याचा हिशोब तर कशातच बसत नाही.

तेव्हापासून मी व्हेंडरला हे पाच प्रश्न विचारतो.

१. क्रिम्पिंग कशावर करता?
हार्नेसचा जीव क्रिम्पिंगमध्ये असतो. प्रत्येक टर्मिनलला त्याच्या मापाचा ॲप्लिकेटर, म्हणजे डाय लागतो. "सगळं एकाच हातपक्कडीवर करतो" असं उत्तर आलं, तर चहा पिऊन निघा.

२. क्रिम्प हाइट आणि पुल टेस्टची नोंद ठेवता का?
दाबलेल्या टर्मिनलची उंची मायक्रोमीटरने मोजतात. कमी दाबलं तर लूज, जास्त दाबलं तर तांब्याचे धागे तुटतात. पुल टेस्टमध्ये वायर ओढून बघतात. १८ गेजच्या वायरला यूएल ४८६ए प्रमाणे २० पाउंड, म्हणजे साधारण ९ किलोचा ओढ सहन व्हायला हवा.

३. टेस्टिंग किती नगांचं?
कंटिन्यूइटी, शॉर्ट आणि चुकीची पिन, ही तपासणी १०० टक्के नगांची हवी. दहातला एक तपासून चालत नाही.

४. कोणत्या स्टँडर्डवर काम करता?
आयएसओ ९००१ चं सर्टिफिकेट कारखान्याची पद्धत सांगतं, हार्नेस कसा असावा ते नाही. त्यासाठी आयपीसी/डब्ल्यूएचएमए-ए-६२० हे स्टँडर्ड आहे. त्यात तीन क्लास आहेत आणि तिसरा सगळ्यात कडक. आपल्या मालाला कोणता लागतो हे आधी ठरवा, उगाच वरच्या क्लासचे पैसे मोजू नका. गाड्यांच्या कंपन्यांना माल द्यायचा असेल, तर आयएटीएफ १६९४९ विचारलं जातं.

५. वायर आणि कनेक्टर कुणाचे?
कोटेशनमध्ये ब्रँड, पार्ट नंबर आणि वायरचा स्क्वेअर एमएम लिहून घ्या. तांब्याचा भाव हलला तर रेट कसा बदलेल, तेही आधीच ठरवा.

आता आपली बाजू. ड्रॉइंग आपण द्यायचं: लांबी, टॉलरन्स, रंग, कोणती वायर कोणत्या पिनला. नुसता जुना सॅम्पल हातात देऊन "असंच बनवा" म्हणालात, तर चूक झाल्यावर भांडायला कागदच नसतो. आधी ५ ते १० सेट बनवून घ्या, आपल्या मशीनला लावून चालवा, सही करून एक सेट स्वतःकडे ठेवा आणि मगच मोठी ऑर्डर द्या.

पेमेंटही वेळेवर करा. व्हेंडर सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल, तर २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार लेखी करार असताना जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. आणि खरं सांगू? वेळेवर पैसे देणाऱ्याचं काम सीझनमध्ये आधी निघतं.

आज मी त्याच १२८ वाल्याकडून माल घेतो. पहिल्यांदा त्याच्या शेडमध्ये गेलो, तेव्हा त्याने न विचारता पुल टेस्टचं रजिस्टर समोर ठेवलं होतं. तुम्हीही कोटेशन व्हॉट्सॲपवर मागवा, पण ऑर्डर देण्याआधी एकदा शेड बघून या.