एकमेकींना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्या

(विमानतळांच्या लेखमालेतील या आठवड्याचा भाग : मुंबई)

मुंबई विमानतळाचा विषय निघाला की कौतुक होते ते टर्मिनल दोनचे. ते कौतुक रास्तच आहे. पण या विमानतळाचे खरे कर्तृत्व काचेपलीकडे, धावपट्टीवर आहे, आणि ते प्रवाशाच्या नजरेला सहसा पडत नाही.

सुरुवात जुहूपासून होते. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे आले, ते एका इंजिनाच्या पस मॉथ विमानातून जुहूच्या मैदानात उतरले. हे मैदान समुद्राला खेटून. पावसाळा लागला की त्याचा चिखल होई आणि टाटांची टपालसेवा बाडबिस्तरा उचलून पुण्याला जाई. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जवळच सांताक्रूझला ब्रिटिश हवाई दलाचा मोठा तळ होता. युद्धानंतर नागरी वाहतूक तिथे गेली. 8 जून 1948 रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलच्या ‘मलबार प्रिन्सेस’ने मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनकडे झेप घेतली, आणि सांताक्रूझचे नाव जगाच्या नकाशावर गेले.

पुढे 1981 मध्ये सहारचे आंतरराष्ट्रीय टर्मिनल सुरू झाले, 1999 मध्ये विमानतळाला छत्रपती शिवाजी यांचे नाव देण्यात आले आणि 2018 मध्ये त्यात ‘महाराज’ जोडले गेले. सामानाच्या चिठ्ठीवरची ‘बीओएम’ ही अक्षरे मात्र अजून जुन्या बॉम्बेचीच आहेत.

आता धावपट्ट्यांकडे. मुंबईत त्या दोन आहेत. मुख्य पट्टी पूर्व-पश्चिम, साधारण 3,450 मीटर लांबीची. दुसरी तिला तिरकी छेदणारी, 2,900 मीटरच्या आत. दोन्ही एकमेकींना छेदत असल्यामुळे दोन पट्ट्यांचे काम होण्याऐवजी व्यवहारात एकाच पट्टीचे काम होते. एकीवर विमान धावत असताना दुसरीवर दुसरे सोडता येत नाही. त्यातच तिरक्या पट्टीच्या वाटेवर तुर्भ्याची टेकडी येते, म्हणून भार बहुतेक मुख्य पट्टीवरच.

विमान उतरते आणि उडते ते वाऱ्याला तोंड देऊन. मुंबईत वारा बहुधा समुद्रावरून येतो, त्यामुळे विमाने घाटकोपरच्या बाजूने खाली येतात आणि जुहूवरून समुद्राकडे उडतात. उतरणाऱ्या दोन विमानांमध्ये जी फट राहते, तिच्यात एक उड्डाण बसवायचे, हा नियंत्रण मनोऱ्यातला रोजचा खेळ. उतरलेल्या विमानाने पट्टीवर रेंगाळायचे नाही. तिरक्या वळणमार्गाने चटकन बाजूला व्हायचे. 2018 मध्ये या विमानतळाने 24 तासांत एक हजाराहून अधिक उड्डाणे-उतरणी हाताळली. म्हणजे दिवसरात्र सरासरी 86 सेकंदांना एक! समांतर पट्ट्या असलेल्या विमानतळांपुढे हा आकडा ठेवला, तरच त्याची किंमत कळते.

पाऊस हा इथला जुना शत्रू. पावसाळ्याआधी एके दिवशी दोन्ही पट्ट्या काही तास बंद ठेवून डागडुजी होते, टायर घासून बसलेला रबराचा थर काढला जातो. मिठी नदी धावपट्टीखालूनच जाते, विमानतळासाठी तिला वळवलेही गेले. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ वेधशाळेत 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, मिठी फुगली आणि विमानतळ बंद पडला. नदीला काटकोनात वळवण्याची किंमत शहराने त्या दिवशी मोजली, असेच म्हणावे लागेल.

आणि टर्मिनल दोन? 10 जानेवारी 2014 रोजी उद्घाटन झालेली ही वास्तू जुने टर्मिनल चालू ठेवून, त्याच्या अवतीभोवतीच बांधावी लागली. दुसरी जागाच नव्हती. म्हणून तिचा आराखडा लांबट फुलीसारखा. ‘स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल’ या वास्तुविशारद संस्थेने मोठ्या दालनाचे छत वर पसरत जाणाऱ्या 30 खांबांवर तोलले, तर कलासंयोजक राजीव सेठी यांनी ‘जय हे’ नावाने देशभरातील हजारो कलाकृती तिथे मांडल्या. विमान पकडण्याच्या घाईत त्यांच्याकडे पाहणारे फार थोडे, ही खंत आहे.

शहरानेही या विमानतळासाठी मोल दिले आहे. विलेपार्ले, सांताक्रूझ, कुर्ला, घाटकोपर इथल्या ‘फनेल झोन’मध्ये, म्हणजे विमानांच्या चढण्या-उतरण्याच्या वाटेखालच्या पट्ट्यात, इमारतींच्या उंचीवर मर्यादा आहे, त्यामुळे कित्येक जुन्या इमारतींचा पुनर्विकास वर्षानुवर्षे अडला. त्या रहिवाशांचा प्रश्न विमानतळाच्या वैभवाच्या बातम्यांत मागे पडतो, तो पडू नये.

वर्षाला पाच कोटींहून अधिक प्रवासी सांभाळणाऱ्या सांताक्रूझ-सहारला आता वाढायला जागा नाही. 8 ऑक्टोबर 2025 रोजी नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. त्याच्या आराखड्यात दोन समांतर धावपट्ट्या आहेत. त्यासाठी उलव्याची टेकडी कशी कापली आणि नदी कशी वळवली, ते पुढच्या भागात.