शेजारच्याला तीन गोळ्या, मला चार का?

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970मध्ये जामखेडला काम सुरू केलं आणि गावातल्याच बायकांना गावाचं आरोग्य सांभाळायला शिकवलं. क्षयरोगाच्या कामात शिकवणारा माणूस रुग्णाच्या आणखी जवळचा असतो, कारण तो त्याच आजारातून उठलेला असतो. सरकारी भाषेत तो ‘टीबी चॅम्पियन’. नाव आखाड्यातलं, काम मात्र शांतपणे ऐकून घेण्याचं.

साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन, रोज. एवढं दवाखान्यात सांगितलं जातं. रुग्ण अडतो तो घरी गेल्यावर. लघवी नारिंगी झाली की रक्त जातंय असं वाटून तो हादरतो. तो नुसता रिफाम्पिसिनचा रंग असतो. शेजारच्याला तीन गोळ्या आणि आपल्याला चार, म्हणजे आपला आजार मोठा, असा हिशेब तो मांडतो. खरं तर 35 ते 49 किलो वजनाला तीन आणि 50 ते 64 किलोला चार, इतकंच त्यामागचं गणित. सगळ्यात घातक वेळ पुढेच येते. काही आठवड्यांत खोकला थांबतो, भूक लागते, माणूस कामावर जाऊ लागतो आणि गोळ्या मागे पडतात. उरलेले जंतू मग औषधांना दाद देईनासे होऊ शकतात.

हे सगळं चॅम्पियनने भोगलेलं असतं, पण भोगलं म्हणून समजावता येतंच असं नाही. ‘मला तर काहीच त्रास झाला नाही’ हे त्याचं वाक्य समोरच्याला धीर देतं आणि फसवतंही. म्हणून प्रशिक्षणात आधी स्वतःची गोष्ट आवरती घ्यायला शिकवावं लागतं. डोळे पिवळे दिसले, उलट्या थांबेनात, नजर धूसर झाली, तर सल्ला द्यायचा नाही. थेट डॉक्टरकडे पाठवायचं. घरी जाण्याआधी रुग्णाला विचारायचं, कारण लग्नाच्या मुलीच्या दारात चॅम्पियन उभा राहिला की गल्लीभर बातमी होते.

माझ्या मते प्रशिक्षणाचा गाभा एका सवयीत आहे. ‘समजलं का?’ असं विचारायचंच नाही. त्यावर सगळेच मान डोलावतात. ‘घरी सासूबाईंनी विचारलं तर काय सांगाल?’ असं विचारायचं आणि ऐकायचं. उत्तर चुकलं तर सांगणाऱ्याचं सांगणं कमी पडलं असं धरून पुन्हा सांगायचं. जोड्या करून याचा सराव घ्यावा; भाषणाने हे अंगवळणी पडत नाही.

स्वतःचा आजार चारचौघांत सांगणाऱ्या माणसाकडून हे काम फुकट करून घेऊ नये, प्रवासखर्च आणि मानधन वेळेवर मिळावं. तुमच्या घरी कुणाचा उपचार चालू असेल, तर आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा, आपल्या भागात टीबी चॅम्पियन आहे का.