नऊ मिलिमीटरचे रूळ

लांब पल्ल्याच्या गाड्यांना आता लागतो तो एलएचबी डबा जोडणीसह २४ मीटरचा. असे २४ डबे आणि पुढे एक इंजिन धरलं की गाडी ६०० मीटरच्या घरात जाते. मॉडेल रेल्वेत जगभर सर्वांत जास्त चालणारं प्रमाण म्हणजे एचओ, एकास ८७. त्या प्रमाणात ही गाडी जवळजवळ सात मीटर भरते आणि तिच्यासाठीचा फलाट त्याहून लांब लागतो. शहरातल्या फ्लॅटमधली खोली साडेतीन मीटरची असली तरी ती मोठी समजायची. कर्जत ते लोणावळा हे २८ किलोमीटरचं अंतर याच हिशेबाने सव्वातीनशे मीटर होतं, म्हणजे बोरघाट मांडायला मंगल कार्यालयही पुरणार नाही. मॉडेल रेल्वे म्हणजे खऱ्या रेल्वेची हुबेहूब छोटी प्रत, ही समजूत अशी पहिल्या कागदी हिशेबातच निकालात निघते. लेआउट, म्हणजे रूळ, स्टेशन, गाव असा पूर्ण मांडलेला देखावा, करणाऱ्याला बरंच काही गाळावं लागतं: चोवीस डब्यांचे सात होतात, दहा रुळांच्या यार्डाचे तीन उरतात, गाव पाच घरांवर येतं. या छंदाची सगळी किंमत त्या निवडीत आहे, आणि निवड जमली की फसली हे चार लोकांपुढे लेआउट मांडल्यावरच कळतं, असं माझं म्हणणं आहे. आपल्यापुरतं बोलायचं तर डेक्कन क्वीन किंवा वंदे भारत हे मोहाचे विषय असले तरी लेआउटसाठी त्यांच्याहून कितीतरी चांगला विषय बार्शी लाईट ही जुनी नॅरोगेज रेल्वे आहे, हे त्याच्याच पुढचं म्हणणं.

आधी रुळांचं बघू. एचओचे बाजारात मिळणारे रूळ १६.५ मिलिमीटर रुंदीचे असतात, कारण युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटर गेजला ८७ ने भागलं की तेवढेच येतात. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. त्याला ८७ ने भागलं तर १९ मिलिमीटरच्या वर जातं, आणि तसे रूळ तयार मिळत नाहीत. म्हणून भारतीय गाडीचं मॉडेल करणारे बहुतेक जण एकास ८७ चा डबा १६.५ च्या रुळावर ठेवतात आणि खऱ्या हिशेबात सव्वादोनशे मिलिमीटरांहून जास्त फरक पोटात घालतात. समोरून पाहिलं की गाडी अंग चोरून उभी असल्यासारखी दिसते. हे दुखणं आपलंच आहे असं नाही. इंग्लंडमधल्या गाड्या अंगाने बारीक, त्यात १९३० च्या दशकातल्या मोटरी मोठ्या. म्हणून तिथे गाडी एकास ७६ ची केली आणि रूळ मात्र १६.५ चेच ठेवले. ते खटकणाऱ्यांनी पुढे १८ आणि शेवटी १८.८३ मिलिमीटरपर्यंत जाऊन स्वतः रूळ घातले, सांधे स्वतः घासून बसवले. आता नॅरोगेज बघा. बार्शी लाईट, मूर्तिजापूरची शकुंतला, पाचोरा-जामनेर या तिन्ही ७६२ मिलिमीटरच्या. ८७ ने भागलं की ८.७६ येतात. आणि एन या एकास १६० च्या प्रमाणातले रूळ ९ मिलिमीटरचे असतात, ते कुठेही मागवता येतात. चूक राहते ती खऱ्या मापात जेमतेम २१ मिलिमीटरची. एन गेजच्या छोट्या इंजिनाचा मोटरीसकट सांगाडा घ्यायचा आणि वर पुठ्ठ्याची किंवा पितळी पत्र्याची आपली बॉडी चढवायची, ही नॅरोगेजवाल्यांची जगभरची जुनी रीत आहे.

प्रदर्शनाच्या बाजूनेही नॅरोगेजचंच पारडं जड आहे. ताशी १०० किलोमीटरने धावणारी गाडी एचओत सेकंदाला ३२ सेंटिमीटर सरकते. तीन मीटरच्या लेआउटवर ती आली म्हणेपर्यंत गेलेली असते. म्हणून तिला गोल फिरवत ठेवावं लागतं, आणि तिसऱ्या फेरीनंतर मोठी माणसं पुढच्या टेबलाकडे वळतात. ताशी २५ ने चालणारी नॅरोगेज सेकंदाला आठ सेंटिमीटर जाते. तेच तीन मीटर काटायला तिला ३५-४० सेकंद लागतात. चार डबे, एक मालडबा, मागे गार्डाचा डबा, एवढी गाडी फलाटात पुरी मावते. ती थांबते, इंजिन सुटतं, पाण्याच्या नळाखाली जातं, वळसा घालून दुसऱ्या टोकाला लागतं. बघणाऱ्याला त्यात काहीतरी घडताना दिसतं. इंग्लंडमधल्या प्रदर्शनांतून रुजलेली मांडणी याला सोयीची आहे: समोर स्टेशन, आणि एका टोकाला पूल, झाडी किंवा घाटातला बोगदा यांच्या आडोशाने नाटकाच्या विंगेसारखं लपवलेलं यार्ड. गाड्या तिथून निघतात, तिथेच परततात, चालवणारा तिथे बसून पुढची गाडी लावतो. प्रेक्षकाच्या लेखी मात्र गाडी लातूरहून आलेली असते.

बार्शी लाईटचा इतिहास तर लेआउटला पुरून उरेल एवढा आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरचा हट्ट असा होता की नॅरोगेज म्हणजे खेळण्यातली गाडी नव्हे; आसावरचा भार पाच टनांवर जाऊ न देता, भरपूर आस वापरून भरपूर माल वाहता येतो. १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, ते बार्शी हा पहिला टप्पा सुरू झाला. पुढे एका बाजूने लातूर आणि दुसऱ्या बाजूने पंढरपूर गाठून १९२७ पर्यंत ती मिरजेला भिडली. सगळी मिळून सव्वातीनशे किलोमीटर. १९५४ साली ती सरकारने घेतली. २००० नंतर टप्प्याटप्प्याने मार्गाचं रुंदीकरण झालं आणि ते होताना लातूरकडची वाट उस्मानाबादवरून वळवली, त्यामुळे जुन्या रुळांचा काही भाग आता नुसता उंचवटा म्हणून उरला आहे. याच कॅलथ्रॉपने बार्शीचा अनुभव गाठीशी घेऊन इंग्लंडच्या स्टॅफर्डशायरमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड ही लाईन उभारली. ती १९०४ ला सुरू झाली आणि १९३४ ला बंद पडली. तिची इंजिनं बार्शीच्या वळणाची होती, समोर मोठ्या दिव्यांसकट. उणीपुरी तीस वर्षं चाललेल्या त्या धाकट्या बहिणीची मॉडेलं तिथले लोक हौसेने करत आले आहेत. शंभर वर्षं वारकरी, कापूस आणि धान्य वाहणाऱ्या थोरलीच्या वाट्याला आपल्याकडे जुने फोटो आणि आठवणींचे लेख आले.

फोटो आहेत, लेख आहेत, मग लेआउट कशाला, हा आक्षेप इथे येतो आणि तो विचारात घ्यावा असाच आहे. त्याला उत्तर असं की फोटो एक बाजू दाखवतो आणि बाकीच्यांबद्दल गप्प बसतो. लेआउटला गप्प बसता येत नाही. स्टेशनची इमारत पुठ्ठ्यात कापायला घेतली की मागच्या भिंतीला खिडक्या किती होत्या हे ठरवावं लागतं. पाण्याची टाकी फलाटाच्या कुठल्या अंगाला होती, कुर्डुवाडीला ब्रॉडगेजच्या वाघिणीतून नॅरोगेजमध्ये माल कुठे उतरवत, त्यासाठी दोन्ही रूळ किती जवळ आणले होते, हमाल कुठून चढत, सांधेवाल्याची खोपटी कुठे, फाटक बंद झाल्यावर बैलगाड्या कुठे थांबत, यातला एकही प्रश्न टाळता येत नाही. लेख लिहिणारा ‘गजबजलेलं यार्ड’ म्हणून पुढे सरकू शकतो, लेआउट करणाऱ्याला रूळ मोजावे लागतात. आणि प्रदर्शनात हेच मोजणं तपासलं जातं. सिग्नल चुकीच्या बाजूला असेल तर ते निवृत्त गार्डाच्या नजरेतून सुटत नाही. पोथी-पुराव्यात न सापडणारी माहिती मिळवण्याचा याहून स्वस्त मार्ग नाही, कारण माणसं प्रश्नावलीला कंटाळतात, पण डोळ्यांसमोर चुकलेली गोष्ट दुरुस्त केल्याशिवाय त्यांना राहवत नाही.

याचा सर्वांत भक्कम दाखला ऑक्सफर्डशायरमधल्या लाँग विटनहॅम या खेड्यात आहे. रॉय इंग्लंड नावाचा तरुण १९२५ साली ऑस्ट्रेलियातून तिकडे गेला, व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स या खोऱ्यातली गवताने शाकारलेली घरं पाहून भारावला, आणि ती पाडली-बदलली जाताहेत हे दिसल्यावर मोजमापं घेत सुटला. त्यातून १९५४ मध्ये पेंडन म्युझियम उभं राहिलं. तिथल्या लेआउटवरचं गाव काल्पनिक आहे, पण त्यातली घरं खरी, खोऱ्यातल्या वेगवेगळ्या ठिकाणांहून उचललेली. पुठ्ठ्याची भिंत, तीवर एकेक वीट कोरलेली, वर जलरंग. एकेका घरावर शेकडो तास गेले आहेत. गावाचं नाव खोटं आणि प्रत्येक दार खरं, ही तडजोड मला फार प्रामाणिक वाटते. गाळणं अपरिहार्य असेल तर ते कुठे गाळलं हे लपवू नये.

यावर कुणी हॅम्बुर्गकडे बोट दाखवेल. फ्रेडरिक आणि गेरिट ब्राउन या जुळ्या भावांनी २००१ मध्ये तिथल्या जुन्या गोदामांत मिनिएटर वुंडरलँड सुरू केलं. तिथे हजाराहून जास्त गाड्या आहेत, दर पंधरा मिनिटांनी रात्र होते, सहा वर्षं खपून बांधलेल्या विमानतळावरून २०११ पासून विमानं उडतात, आणि आजवर दोन कोटींहून जास्त लोक येऊन गेले. लोकांना चमत्कार हवा असतो, खिडक्यांचा हिशेब नको असतो, असं त्यावरून म्हणता येईल. पुण्यात कोथरूडला १ एप्रिल १९९८ रोजी खुलं झालेलं भाऊसाहेब जोशींचं रेल्वे म्युझियमही याच जातीचं: आधी फिरता लेआउट, त्याच्या मांडामांडीची दगदग नको म्हणून कायमचं छोटं शहर, आणि निवेदनासह चालणारा खेळ. कितीतरी मुलांनी रुळांचा सांधा बदलताना पहिल्यांदा जवळून पाहिला तो तिथेच, आणि हे काम लहान नाही. पण हॅम्बुर्गच्याच पुढच्या वाटचालीत एक गोष्ट दिसते. सुरुवातीचं क्नुफिंगेन हे शहर मनातलं होतं. नंतर त्यांनी स्वतःचं हॅम्बुर्ग बांधलं, मग स्वित्झर्लंड, इटली. आपल्या ओळखीची खिडकी शोधणारा प्रेक्षक लेआउटपुढे जास्त वेळ उभा राहतो. चमत्कारासाठी हॅम्बुर्गएवढा पैसा लागतो. ओळखीच्या खिडकीला पुठ्ठा आणि चिकाटी पुरते.

खरा टोचणारा आक्षेप वेगळा आहे. लेआउटमध्ये ऊन नेहमी कोवळं असतं, इंजिन घासूनपुसून लख्ख असतं, आणि कुणालाही भूक लागलेली नसते. पेंडनमध्ये दिसणारा १९३० चा काळ इंग्लंडच्या शेतीला मंदीचा होता, ते त्या टुमदार छपरांवरून कळत नाही. बार्शी लाईट मांडतानाही आषाढीची वारी, भगव्या पताका, डोंगरातला बोगदा एवढंच मांडलं तर ते कॅलेंडरवरचं चित्र होईल. हा दोष या छंदात आहे हे मान्य करावं लागतं. मात्र तो माध्यमाचा नाही, निवडीचा आहे. एकास ८७ मध्ये माणूस १९ मिलिमीटरचा होतो आणि पाठीवर पोतं घेतलेला हमाल करायला फलाटावर छत्री धरलेल्या साहेबाइतकीच मेहनत पडते. बार्शी लाईटवरचं येडशी स्टेशन दुष्काळी मे महिन्यातलं करायचं की श्रावणातलं, हे गवताच्या रंगावर ठरतं. बाजारातलं तयार गवत युरोपच्या हिरव्याचं असतं, आणि ते न वापरता पिवळ्या-तपकिरी रंगाचं स्वतः तयार करणारा माणूस एक मत मांडत असतो.

राहिला खर्च आणि कौशल्य. परदेशी इंजिन महाग आहे, यात वाद नाही. पण लेआउटच्या क्षेत्रफळात इंजिन किती जागा अडवतं? बाकी सगळं प्लायवूड, पुठ्ठा, फेव्हिकॉल आणि माती. खडी घालण्याचं उदाहरण घ्या. रेल्वेची खडी साधारण ६५ मिलिमीटरची. ८७ ने भागलं की पाऊण मिलिमीटर, म्हणजे काळ्या दगडाची चाळलेली कच चालते. ती चमच्याने स्लीपरांमध्ये सोडायची, मऊ ब्रशने रुळाच्या बाजूंवरून खाली उतरवायची, मग भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकलेलं पाणी वरून फवारायचं, आणि त्यावर पातळ केलेलं फेव्हिकॉल ड्रॉपरने सोडायचं. साबण नसेल तर गोंद गोळे होऊन वरच बसतो आणि कचेत खड्डे पडतात. साबण असेल तर शोषला जातो, आणि दुसऱ्या दिवशी बोटाने दाबून पाहिलं तरी कण हलत नाही. सांध्याच्या जिभेखाली मात्र एक कणही जाता कामा नये, नाहीतर ऐन प्रदर्शनात गाडी तिथेच उतरते. यात ज्याला जमणार नाही असं काही दिसत नाही. दर दिवाळीला अंगणात मातीचा किल्ला करून त्यावर अळीव आणि मोहरी पेरणारी मुलं, आणि गणपतीत मोटर-चरख्यावर हलते देखावे उभे करणारी पुण्याची मंडळं, या दोघांकडे लेआउटची निम्मी विद्या आधीच आहे. २०१८ साली सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्रात बंदी आली तेव्हा डोंगर कशाचे करायचे याचा शोध मंडळांनी लावलाच; कागदाचा लगदा आणि पोतं-प्लास्टर ही उत्तरं लेआउटवाल्यांना जुनीच ठाऊक होती.

शेवटचा आक्षेप टिकाऊपणाचा. कॅलिफोर्नियात जॉन ॲलनचा गोर अँड डॅफेटिड हा गाजलेला लेआउट होता. जानेवारी १९७३ मध्ये ॲलन वारला आणि काही दिवसांतच तो घरासकट जळाला. बहुतेक लेआउट करणाऱ्याच्या मागे वर्षभरही टिकत नाहीत: खोली मुलांना लागते, फळ्या भंगारात जातात. पण लंडनचा जॉन अहर्न १९६१ साली गेला तेव्हा त्याची मॅडर व्हॅली ही मॉडेल रेल्वे पेंडनने उचलून नेली आणि ती आजही तिथे आहे, कारण तिला जागा देणारी एक संस्था होती. बार्शी लाईटच्या लेआउटला तसा ठाव कुठे मिळेल, हे बांधायला घेण्याआधी ठरवायला हवं. चार-चार फुटांच्या तीन फळ्या, बोल्टने जुळणाऱ्या, वायरिंग मल्टिपिन प्लगने सुटं होणारं, १२ व्होल्टवर चालणारं, एवढा पसारा टेम्पोत मावतो आणि बार्शी, पंढरपूर किंवा कुर्डुवाडीच्या एखाद्या वाचनालयाच्या सभागृहात अर्ध्या तासात उभा राहतो. मिरजेपासून लातूरपर्यंत त्या गाडीने शाळा-कॉलेज केलेली पिढी अजून हिंडती-फिरती आहे. पहिलं प्रदर्शन तिथे व्हायला हवं, मुंबईच्या एखाद्या मॉलमध्ये नव्हे, आणि टेबलावर गाडीशेजारी एक वही ठेवावी, येणाऱ्याने चुका लिहाव्यात म्हणून.