शेवटची ओव्हर आणि मुक्कामी एसटी

"बायकांना मॅचमधलं काय कळतं? चार ओव्हर बघतात, फोटो काढतात आणि अर्ध्यातून उठून जातात!"

मैत्रिणींनो, हे वाक्य तुम्हीही कधीतरी ऐकलं असेल. म्हणणारा कुणी परका नसतो, बरं का. कधी दीर असतो, कधी भाचा, तर कधी ज्याच्या ताटात आपण त्या क्षणी गरम पोळी वाढत असतो तोच! पोळी वाढायला उठलो म्हणून आपली विकेट बघायची राहिली, हे त्याच्या ध्यानीमनीही नसतं.

वाक्यातला दुसरा भाग खरा आहे, हे मात्र मान्य करायला हवं. आपण उठतो. टीव्हीसमोरून उठतो आणि मैदानावरूनही उठतो. पण उठण्यालाही कारणं असतात आणि ती सगळ्यांची सारखी नसतात.

पुरुष उठत नाहीत का? १९ नोव्हेंबर २०२३ ची अहमदाबादची वर्ल्ड कप फायनल आठवा. सव्वा लाखाहून जास्त खुर्च्यांचं ते स्टेडियम दुपारी निळ्या टी-शर्टांनी ओसंडून वाहत होतं. ट्रॅव्हिस हेडनं १३७ धावा ठोकल्या, सामना हातातून गेला आणि ऑस्ट्रेलियानं कप उचलला तेव्हा निम्म्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या दिसत होत्या. त्यांना कुणी म्हटलं का, पुरुषांना मॅचमधलं काय कळतं म्हणून? त्याच महिन्यात वानखेडेवर अफगाणिस्तानविरुद्ध ऑस्ट्रेलियाची अवस्था ७ बाद ९१ झाली होती. जिंकायला हव्या होत्या २९२. आता काय उरलं, म्हणून त्या वेळी जो कुणी गाडी काढायला गेला असेल, त्याचं मॅक्सवेलचं नाबाद द्विशतक हुकलं. पाय दुखत असताना, जवळजवळ एका जागी उभं राहून त्यानं २०१ धावा केल्या आणि सामना जिंकून दिला. आमच्या हॉलमधल्या मंडळींनी तर ९१ वरच चॅनेल बदललं होतं!

घरातलं हे उठणं आपल्या पिढीला नवीन नाही. सचिन आउट झाला की टीव्ही बंद, हा कित्येक घरांतला नियमच होता. आमच्याकडे तो सासूबाईंनी घातलेला. २ एप्रिल २०११ ला वानखेडेवर सेहवाग शून्यावर गेला, सचिन १८ वर गेला, २ बाद ३१. सासूबाई म्हणाल्या, "चला, पानं घ्या." पानं घेतली, जेवणं झाली आणि ओटा पुसता पुसता बाहेर फटाके वाजले. गंभीरचे ९७ आणि धोनीचा तो शेवटचा षटकार आम्ही दुसऱ्या दिवशी बघितला.

हे झालं रागानं किंवा कंटाळ्यानं उठणं. स्टेडियममधून लवकर निघणारा पुरुष बहुतेक वेळा पार्किंगच्या गर्दीला भ्यालेला असतो, नाहीतर हरण्याला. बाईचं उठणं वेगळं असतं. खेळ ऐन रंगात आलेला असतो, तिला जायचं नसतं, आणि तरी ती उठते.

माझ्या धाकट्या बहिणीचंच सांगते. तिला सिल्लोड तालुक्यातल्या एका खेड्यात दिली आहे. तिची मुलगी, माझी भाची, खो-खो खेळते. गावात सराव नाही म्हणून शाळेसाठी आणि खेळासाठी ती माझ्याकडे छत्रपती संभाजीनगरला असते. पहाटे साडेपाचला उठून मैदान गाठते, येते ती ढोपरं सोललेली घेऊन. गेल्या हिवाळ्यात तिच्या संघाची एका स्पर्धेत फायनल होती. स्पर्धेचं नाव नको. पत्रिकेवर वेळ छापलेली, दुपारी तीन. बहीण सकाळचा स्वयंपाक, धुणं, गोठा सगळं उरकून आली. पिशवीत लेकीसाठी तिळाच्या वड्या होत्या.

तीनला मैदानावर काय होतं? आखलेलं मैदान, पोलादी खुर्च्यांची एक रांग, हारांची टोपली आणि माइकवर "हॅलो, हॅलो, चेक". प्रमुख पाहुणे यायचे होते. मुली वॉर्मअप करून करून थंड झाल्या. चारला पाहुणे आले. मग दीपप्रज्वलन, मग शाल, श्रीफळ, मग दुसऱ्या पाहुण्यांची शाल आणि श्रीफळ, मग "क्रीडाक्षेत्राचे महत्त्व" या विषयावर तीन भाषणं. सामना सुरू झाला तेव्हा पावणेपाच झाले होते.

आता बहिणीचं गणित ऐका. सिल्लोडपर्यंत गाड्या भरपूर, अजिंठ्याचा रस्ता असल्यामुळे. पण सिल्लोडहून पुढं तिच्या गावाला जाणारी शेवटची गाडी मुक्कामी, ती संध्याकाळी सातच्या सुमारास सुटते. ती चुकली की मग कुणाची तरी मोटारसायकल, किंवा काळी-पिवळीत कोंबून, अंधारात. म्हणजे इथून पाचच्या आत निघायलाच हवं. तिनं सव्वापाचपर्यंत ताणलं. शेवटचा डाव राहिला होता. आमच्या मुली दोन गुणांनी पुढं होत्या आणि आता संरक्षण करायचं होतं. भाची शेवटच्या तुकडीत होती, म्हणजे तिची पाळी आणखी उशिरा. बहीण उठली, पदर खोचला, मला म्हणाली, "तायडे, मी निघते. तू बघ आणि मला फोनवर सांग."

तिच्या मागच्या रांगेतला एक गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाला, "बघा, पोटच्या पोरीची मॅच आणि आई चालली!"

मी फोन कानाला लावून बसले. भाची मैदानात उतरली. एक मिनिट... खांबाला वळसा, हुलकावणी, दीड मिनिट... समोरची पोरगी सूर मारून पडली आणि ही निसटली. दोन मिनिटं दहा सेकंद ती एकटी पळत राहिली. जिंकल्यावर पोरींचा गलका झाला तेव्हा माझी बहीण रिक्षातून उतरून स्टँडकडे पळत होती. नंतर सांगत होती, एसटीत बसल्यावर तिला इतकं रडू आलं की शेजारच्या बाईनं विचारलं, "घरी कुणी आजारी आहे का हो?"

भाचीनं बक्षीस घेताना पहिल्यांदा आमच्या रांगेकडे पाहिलं. मी हात हलवला. तिनंही हलवला. तिला सगळं माहीत होतं. खेळणाऱ्या मुलींना आईच्या गाडीची वेळ पाठ असते.

एसटीत १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं. त्याचा उपयोग झालाच, नाही कसं म्हणू? बहीण आता वर्षातून दोन-तीनदा तरी सामन्याला येऊ शकते. पण तिकीट अर्धं झालं म्हणून शेवटची गाडी अर्धा तास उशिरा सुटत नाही. असंच काहीसं मुंबईतही झालं. २०२३ मध्ये महिलांची प्रीमियर लीग पहिल्यांदा झाली, तेव्हा बायका-मुलींना प्रवेश फुकट ठेवला होता. छान वाटलं. सामने मात्र बहुतेक रात्री साडेसातला सुरू होणारे. संपून बाहेर पडेपर्यंत अकरा! ज्यांचं घर लोकलच्या टप्प्यात होतं, ज्यांच्याबरोबर कुणी होतं, त्या शेवटपर्यंत बसल्या असतील.

आपल्या शहराची आणखी एक गंमत. २०२३ मध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली, त्यात "छत्रपती संभाजी किंग्स" हा आपला संघ. भाची आणि मी केवढ्या खूश! घरचा संघ, घरचा सामना! पहिल्या हंगामाचं वेळापत्रक आलं, तर सगळे सामने पुण्याजवळ गहुंजेला. म्हणजे घरचा सामना बघायला अडीचशे किलोमीटरच्या आसपास जायचं आणि तेही पुण्याच्या पार पलीकडे, एक्स्प्रेस-वेच्या कडेला, जिथं रात्री सामना सुटल्यावर पुणेकरांनाही वाहन मिळवताना नाकी नऊ येतात. तिथल्या माणसानं पंधराव्या ओव्हरला काढता पाय घेतला तर मी त्याला नावं ठेवणार नाही.

मग घरचं मैदान आपल्याला उरतं ते कुठलं? आमखास मैदान, गारखेड्याचं विभागीय क्रीडा संकुल, शाळा-कॉलेजांची पटांगणं. खेळ कबड्डी आणि खो-खो. आणि खरं सांगू का, बायकांच्या वेळेला इतके सोयीचे खेळ दुसरे नाहीत. कबड्डीत पुरुषांचे वीस-वीस मिनिटांचे दोन डाव, महिलांचे पूर्वापार नियमाप्रमाणे पंधरा-पंधरा मिनिटांचे. मध्ये पाच मिनिटं विश्रांती. म्हणजे कुकर लावून, कणीक मळून, भाजी फोडणीला टाकायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात अख्खा सामना संपतो! तरीही तो आपल्याला पूर्ण बघायला मिळत नाही, कारण तो सुरूच वेळेवर होत नाही. शिवाय "प्रकाशझोतातील भव्य स्पर्धा" असं म्हटलं की महिलांची फायनल पुरुषांच्या फायनलच्या आधी, आणि त्याही आधी सत्कार. कार्यक्रम रेंगाळला की कात्री महिलांच्या सामन्याच्या वेळेला किंवा प्रेक्षक बायकांच्या धीराला.

जुनी माणसं याबाबतीत शहाणी होती. जत्रेतली कुस्ती आठवा. आधी रेवड्यांवर पोरांच्या कुस्त्या, मग इनाम वाढत वाढत जायचं आणि मानाची शेवटची कुस्ती दिवस मावळायच्या सुमारास. दिवे नव्हते ना! त्यामुळे सगळं उजेडात आटपायचं. आता, त्या फडाच्या आसपास बायकांना कुणी फिरकू देत नव्हतं, ती गोष्ट निराळी. त्याच कुस्तीत मार्च २०२३ मध्ये सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली आणि प्रतीक्षा बागडीनं गदा उचलली. पण वेळेचं भान मात्र दिव्यांबरोबर गेलं.

आणि स्वच्छतागृह! यावर कुणी बोलत नाही म्हणून मीच बोलते. दुपारी मैदानावर आलेली बाई पाणी पीत नाही. का, ते तुम्हाला सांगायला नको. बाहेरून आलेल्या मुलींच्या संघांसाठी एखादी शाळेची खोली उघडलेली असते, प्रेक्षक बायकांसाठी तीही नसते. दोन-अडीच तास झाले की ती उठणारच. त्यात आमच्या शहरात गेली कित्येक वर्षं "पाण्याचा दिवस" नावाचं प्रकरण आहे. नळाला पाणी रोज नाही, ज्या दिवशी येईल त्या दिवशी घरात कुणीतरी हवं. शेजारच्या वहिनी एकदा लेकाची फायनल दहा मिनिटांवर असताना निघाल्या, कारण गल्लीतून फोन आला, "पाणी सुटलं!" लेकानंही "जा आई" म्हटलं. आठवडाभराचा प्रश्न होता.

म्हणून २ नोव्हेंबर २०२५ ची रात्र मला फार वेगळी वाटते. नवी मुंबईचं डी. वाय. पाटील स्टेडियम, महिलांच्या वर्ल्ड कपची फायनल. पावसामुळे तीनचा सामना पाचला सुरू झाला. तीन दिवस आधी ऑस्ट्रेलियाविरुद्ध जेमिमानं नाबाद १२७ करून ३३९ चा डोंगर पार केलेला, त्यामुळे कुणालाच उठायचं नव्हतं. शफालीच्या ८७, दीप्तीच्या ५८, आपल्या २९८. तिकडून लॉरा वोल्वार्ट शतक करून उभी. दीप्तीचे पाच बळी आणि शेवटी हरमनप्रीतनं मागं धावत घेतलेला तो झेल! तेव्हा घड्याळात मध्यरात्र झाली होती आणि स्टेडियम भरलेलंच होतं. टीव्हीवर चेहरे दाखवत होते, किती आया होत्या, किती मुली होत्या.

आमच्या गल्लीत त्या रात्री सगळ्या एका घरी जमल्या होत्या. स्वयंपाकाला सुट्टी, पावभाजी बाहेरून आणलेली, पुरुषमंडळी वाढायला. कुणी उठलं नाही. उठायचं कारणच नव्हतं. गाडी नाही, अंधार नाही, पोळ्या नाहीत. "बायकांना मॅचमधलं काय कळतं" म्हणणारे माझे दीर त्या रात्री आमच्या घरमालकीणबाईंकडून पॉवर प्लेचा नियम समजून घेत होते.

खो-खोचंही तसंच. १९ जानेवारी २०२५ ला दिल्लीत पहिल्या खो-खो वर्ल्ड कपची महिलांची फायनल झाली. आपण नेपाळला ७८-४० असं हरवलं आणि कर्णधार होती मूळची बीड जिल्ह्यातली प्रियांका इंगळे. त्याआधी धाराशिवच्या सारिका काळेला २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला होता. आपल्या मराठवाड्याच्या मुली आहेत या! ती दिल्लीची फायनल माझ्या बहिणीनं गावी, मोबाइलवर, पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितली. स्वतःच्या लेकीची फायनल मात्र तिनं आजवर एकदाही शेवटपर्यंत बघितलेली नाही.

आता पुढच्या महिन्यात भाचीची पुन्हा स्पर्धा आहे. या वेळी मी आधीच आयोजकांना फोन केला. म्हटलं, भाऊ, मुलींची फायनल सकाळी ठेवा, नाहीतर निदान सत्कार सामन्यानंतर करा. बाहेरगावच्या आयांना गाड्या असतात. पलीकडचा माणूस सज्जन होता, ऐकून घेतलं. म्हणाला, "ताई, तुमचं अगदी बरोबर आहे. पत्रिकेत दुपारी दोनच टाकलंय बघा."

"दोनला सुरू होईल ना नक्की?"

"हो हो, पाहुणे आले की लगेच."

मी बहिणीला कळवलंय, त्या दिवशी मुक्कामालाच ये म्हणून. गोठ्याचं कोण बघणार, ते ती नवऱ्याशी बोलून सांगणार आहे.