सातबाऱ्यावर न चढणारा वारसा

वडील गेले तेव्हा वारसनोंदीसाठी मी तलाठ्याकडे गेलो. यथावकाश फेरफार मंजूर झाला, आम्हा भावंडांची नावे सातबाऱ्यावर चढली. नमुना सातवर मालकी, नमुना बारावर पीकपाणी. कागद पुरा झाला. पण वडिलांनी आणखी काय मागे ठेवले, ते त्या पावसाळ्यात रानात गेल्यावर कळले.

वडील कष्टाळू. पण एक खोड होती. नांगरट करताना चुलत्यांच्या बाजूचा बांध दर साली थोडा थोडा कोरायचे. चुलतेही पलीकडून तेच करीत. तीन हातांचा बांध वीतभर उरला. वळवाच्या पहिल्याच सरीने तो फुटला आणि वावरातली माती ओढ्याला गेली. दोन घरांतले बोलणे तर कधीचेच बंद होते. जमिनीबरोबर भांडणही वारशाने आले.

मी कृषी खात्यातला माणूस. गावोगाव बांधबंदिस्ती सांगत हिंडलो, पण घरच्या बांधाविषयी वडिलांपुढे ब्र काढला नाही. तो दोष माझा.

आता हिशेब पाहा. शंभर मीटर लांबीचा बांध वीतभर कोरला, तर जमीन मिळते जेमतेम पाव गुंठा. उलट एकरभर रानावरून एक मिलिमीटर थर वाहिला, तर सुमारे 5 टन माती जाते. तीही वरची, कसाची. असा इंचभर थर तयार व्हायला निसर्गाला शेकडो वर्षे लागतात.

आईचा वारसा निराळा. गाडग्यात राख घालून तिने वालाचे बी जपले. मागेल तिला मूठभर दिले. आज ती नाही, पण परड्यात वाल फुलला की शेजारच्या बाया तिचे नाव काढतात. सातबाऱ्यावर मात्र ते कधीच नव्हते.

गेल्या उन्हाळ्यात चुलत्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो. म्हणालो, "तात्या, बांध माझ्या हद्दीतून घालतो." बराच वेळ ते गप्प राहिले. मग म्हणाले, "निम्मा माझ्याकडून धर." बांध झाला. त्यावर मारवेल गवत लावले. या पावसाळ्यात पाणी निवळ होऊन बाहेर पडले.

शेतकरी बंधू-भगिनींनो, वारसा म्हातारपणी लिहून ठेवायचा कागद नव्हे. तो रोज घडतो. पाचट पेटवायला काडी ओढताना, उसाला गरजेपेक्षा जास्त पाणी सोडताना, बांधाला नांगर लावताना क्षणभर थांबा. एकरी 3-4 टन पाचट कुजले तर मातीत जाते, पेटवले तर धुरात. अतिपाण्याने रान चोपण होते, आणि ते सुधारता सुधारता पुढची पिढी थकते.

आज संध्याकाळी रानातून परतताना बांधावर घटकाभर उभे राहा. हे वावर उद्या लेकरांच्या हाती जायचे आहे. ते कसे द्यायचे, हे आजच्या कामातच ठरते.