निकालाच्या दिवशी वेबसाइट का अडकते? डेटाबेस कनेक्शनचं गणित समजून घ्या

१६ जुलै २०२१. दुपारी १ वाजता दहावीचा निकाल जाहीर झाला आणि राज्यभर एकच तक्रार सुरू झाली : वेबसाइट उघडत नाही. कोरोनामुळे त्या वर्षी परीक्षा झालीच नव्हती. राज्याचा निकाल ९९.९५ टक्के, तर सिंधुदुर्ग ज्यात येतो त्या कोकण विभागाचा १०० टक्के लागला. पण दोडामार्ग असो वा मुंबई, स्वतःचे गुण पाहण्यासाठी मुलांना कित्येक तास थांबावं लागलं.

गर्दीत वेबसाइट कोलमडण्याची कारणं अनेक असतात. त्यातलं नेहमी आढळणारं एक म्हणजे डेटाबेसची कनेक्शन्स संपणं.

कनेक्शन म्हणजे काय?

गुण, बँकेतली शिल्लक, सातबारा हे सगळं डेटाबेसमध्ये साठवलेलं असतं. तुम्ही बैठक क्रमांक टाकला की वेबसाइट डेटाबेसशी संपर्क जोडते, पासवर्ड देते आणि मग माहिती मागते. हा संपर्क म्हणजे कनेक्शन. प्रत्येक कनेक्शनला मेमरी लागते, म्हणून त्यांच्या संख्येवर मर्यादा असते. कोणी बदलली नाही तर पोस्टग्रेसमध्ये ही मर्यादा १०० आणि मायएसक्यूएलमध्ये १५१ असते.

मग लाखो लोकांना कसं पुरतं?

दोडामार्गच्या बाजारातली चहाची टपरी डोळ्यांसमोर आणा. टपरीवाला प्रत्येक गिऱ्हाइकासाठी नवा ग्लास आणत नाही. वीसेक ग्लास दिवसभर फिरतात. वेबसाइटही तसंच करते. मोजकी कनेक्शन्स कायम उघडी ठेवते आणि आळीपाळीने सगळ्यांसाठी वापरते. याला म्हणतात कनेक्शन पूल.

एका उत्तराला १० मिलिसेकंद लागत असतील, तर २० कनेक्शन्स सेकंदाला २,००० जणांचं काम करतात. पण तेच उत्तर यायला १ सेकंद लागू लागला, तर फक्त २० जणांचं. बाकीचे रांगेत!

ग्लास विसळला नाही तर?

खरा धोका इथे आहे. एकाचं काम संपल्यावर कनेक्शन स्वच्छ करूनच दुसऱ्याला द्यावं लागतं. २० मार्च २०२३ रोजी चॅटजीपीटीवर काही जणांना दुसऱ्यांच्या संभाषणांची शीर्षकं दिसली. काही ग्राहकांचे ईमेल आणि कार्डाचे शेवटचे चार आकडेही इतरांना दिसले असण्याची शक्यता कंपनीने मान्य केली. कारण? माहिती मागून मध्येच रद्द झालेल्या विनंतीचं उत्तर सामायिक कनेक्शनवर तसंच पडून राहिलं आणि ते पुढच्या माणसाला मिळालं.

तुम्ही काय करायचं?

• पान अडकलं तर सारखं रिफ्रेश करू नका. प्रत्येक रिफ्रेश म्हणजे रांगेत आणखी एक माणूस.
• निकाल आता डिजिलॉकरसारख्या इतर ठिकाणीही मिळतो. तिथेही पाहा.
• तुमच्या लॉगिनमध्ये दुसऱ्याची माहिती दिसली तर तिचा स्क्रीनशॉट व्हायरल करू नका. लगेच लॉगआउट करा आणि संबंधित सेवेला कळवा. त्याच वेळी तुमची माहितीही दुसऱ्या कुणाला तरी दिसत असू शकते.