बुरशीचं कातडं, हिरड्याचा रंग

उत्तर कन्नडातल्या जोयडा तालुक्यातून खानापूर ओलांडलं की कोल्हापुरी चपलेचा मुलूख सुरू होतो. 2019 साली या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. त्यात बेळगाव आणि धारवाडही आहेत. तिचं कातडं पिढ्यान्‌पिढ्या कमावलं गेलं ते हिरडा आणि बाभळीची साल यांवर. हिरडा तर सह्याद्रीच्या जंगलातलाच. आता जनावराशी काही संबंध नसलेल्या एका कातड्यालाही अशाच झाडपाल्याच्या टॅनिनची गरज पडते आहे.

स्वीडनमधल्या बोरोस विद्यापीठात अक्रम झमानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुपरमार्केटमधला न खपलेला पाव वाळवून त्याचा चुरा केला, पाण्यात कालवला आणि त्यात रायझोपस डेलेमार या बुरशीचे बीजाणू सोडले. सोयाबीनचं टेम्पे आंबवणाऱ्या बुरशीच्याच कुळातली ही. दोन दिवसांत पावावर पोसलेले तंतू गाळून घेता येतात. त्यांचा लगदा सपाट पसरून वाळवला की कातड्यासारखा पापुद्रा हाती लागतो. पहिले नमुने पातळ आणि ताठ निघाले. मग थरावर थर आले. झाडाच्या टॅनिनने मऊपणा आला, क्षाराची प्रक्रिया केलेल्या थरांनी बळ दिलं, ग्लिसरीनने लवचीकपणा वाढवला. मार्च 2022 मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीच्या अधिवेशनात हे काम मांडलं गेलं.

रंगाच्या दृष्टीने खरी मौज बुरशीच्या पेशीभित्तिकेत आहे. रायझोपसच्या भित्तिकेत कायटिनबरोबर कायटोसानही असतं. आम्लयुक्त पाण्यात त्याच्या अमिनो गटांवर धन भार येतो आणि ऋण भाराचे रंग ते ओढून घेतात. सुती कापडावर नैसर्गिक रंग धरण्यासाठी आधी तुरटी-हिरड्याची तयारी लागते; इथे पकड मुळातच आहे. शिवाय टॅनिन स्वतःही रंग देतं, त्यामुळे कमावणं आणि रंगवणं एकाच पातेल्यात होऊ शकतं.

हिरड्याच्या काढ्यात मुरलेला तुकडा पिवळसर बदामी दिसतो. गूळपाण्यात गंजकं लोखंड आंबवून केलेलं काळं पाणी, जे कलमकारीचे कारागीर वापरतात, ते त्यावर सोडलं की टॅनिन आणि लोह एकत्र येऊन रंग बघता बघता गडद राखाडी, मग काळा होतो. लोखंड मात्र हात राखूनच घालावं; जास्त झालं तर कालांतराने तंतू ठिसूळ होतात.

उत्तर कन्नडात याहून जवळचा रंग आहे: चोगरू. कोवळी सुपारी उकडल्यावर उरणारं, आटवून दाट केलेलं तांबूस तपकिरी पाणी. तेही टॅनिनयुक्त, तेही प्रक्रियेतून उरलेलं. उरल्यासुरल्या अन्नावर वाढलेल्या कातड्यासाठी याहून योग्य रंग कुठला? फणसाच्या लाकडाचा पिवळा जोडीला आहेच. कोकमाचा लाल मात्र मोहात पाडतो आणि फसवतो: आम्लात लाल असलेला हा रंग क्षार लागला की पालटतो, उन्हात विटतो.

क्रमही सांभाळायला हवा. ग्लिसरीन पाण्यात विरघळतं, म्हणून ते रंगाच्या आधी दिलं तर रंगाच्या पाण्यात निघून जाईल आणि तुकडा पुन्हा कडक होईल. आधी रंग, मग धुणं, शेवटी ग्लिसरीन. नंतर ओलं पांढरं फडकं घासून रंग सुटतो का ते पाहायचं आणि तुकडा अर्धा झाकून उन्हात ठेवायचा, म्हणजे रंग विटतो का तेही कळतं.